तीन महिने सात किलो

मित्रांनो, मी अल्लीपूरच्या लेकरांची वजनं सांभाळलेली एक जुनी वही आहे. १९७८ साली वर्ध्याच्या बायंडरने मला शिवलं, तेव्हा माझा पुठ्ठा लालभडक होता. तीन वर्षं, दर महिन्याला, गावातल्या प्रत्येक लहान लेकराचं वजन माझ्यात लिहायचं होतं. लेकराची एक ओळ, महिन्याचा एक चौकोन.

अंगणवाडीच्या मंदाबाई कडुनिंबाला काटा टांगायच्या, झोळीत लेकरू बसवायच्या आणि गोल अक्षरात आकडा लिहायच्या. एखादं लेकरू आलं नाही की चौकोन रिकामा राही. त्यांना ते बघवत नसे. मग त्या मागच्या महिन्याचाच आकडा तिथे उतरवत. कशी भरलेली दिसायचे मी! सगळे कौतुक करत आणि मीही फुगत असे.

एका हिवाळ्यात आकडे तपासायला वर्ध्याहून साहेब आले, पुंडलिकराव. गावातल्या रुख्मिणीच्या धाकट्या लेकीच्या, लहानीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. सात, सात, सात.

"मंदाबाई, लेकरू हाय का वरवंटा? तीन महिने वाढत नाई, घटत नाई!"

"आली नाई जी ते. मंग मागचंच लिवलं."

"काऊन नाई आली, इचारलं?"

मला काखेत घेऊन मंदाबाई तडक रुख्मिणीच्या दारी गेल्या. रुख्मिणीने लेकीला पदराआड केलं.

"चारचौघात कशी टांगू, बाई? वाळून राह्यली पोरगी. नजर लागन तिले."

"मंग घरातच टांगू. दार लाव."

साडेपाच किलो. त्याच दुपारी दोघी लहानीला घेऊन दवाखान्यात गेल्या.

पुंडलिकराव म्हणाले, वजनाला येतात ती बहुतेक धडधाकट लेकरं. त्यांचीच सरासरी काढली तर गाव धष्टपुष्ट दिसतं, आणि मागचा आकडा पुढे ओढला तर दुखणंच झाकलं जातं. तेव्हापासून मंदाबाई रिकाम्या चौकोनात न येण्याचं कारण लिहू लागल्या. माहेर, ताप, नजर. न आलेल्यांपैकी काहींच्या घरी जाऊन वजन करायचं आणि त्यावरून उरलेल्यांचा अंदाज वेगळ्या कागदावर मांडायचा, अंदाज म्हणूनच. गावाची सरासरी घसरली, माझं कौतुक थांबलं. पण लेकरांना वाटायला येणाऱ्या पौष्टिक सुकडीची पोती वाढली.

उन्हाळ्यात लहानी पुन्हा कडुनिंबाखाली आली. झोळीत बसून खिदळली आणि थेट माझ्यावर मुतली!

"अवं माय, वहीचं वाटोळं केलं पोरीनं!" रुख्मिणी ओरडली. मंदाबाईंना हसू आवरेना.

मित्रांनो, आता मी कपाटात आहे, मला कसर लागली आहे. कधीतरी मला ऊन दाखवा. पण त्याहून मोठं मागणं हे, की रिकामा चौकोन दिसला तर घाईने भरू नका. आधी त्या दारी जा.

लहानीचा त्या महिन्याचा आकडा शाई फुटल्यामुळे वाचता येत नाही. मंदाबाईंनी शेजारी कारण लिहून ठेवलं आहे, "आली होती."