मास्कखालची दाढी

माझं तोंड फटकळ, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी खरं बोलणं मलाही जड गेलं.

रणजीत, माझा नवरा, जाऊन पंधरवडा झाला होता. यशवंतपूरच्या कारखान्यात क्लोरीनचा सिलिंडर गळायला लागला. हा मास्क लावून झडप बंद करायला गेला. झडप बंद केली, बाहेर येऊन कोसळला आणि दवाखान्यात संपला.

माझ्या सासूबाई, सकवारबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), येईल त्याला एकच विचारायच्या, "मास्क होता ना तोंडावर? मग कसा गेला?" भेटायला येणाऱ्यांना काय डोंबल ठाऊक असणार! माझं डोकंच उठायचं.

मग कारखान्यातले सुरक्षा अधिकारी गिरीराज आले. दारातच हळू म्हणाले, "अक्का, मास्क चांगला होता. दाढीमुळे चेहऱ्याला घट्ट बसला नाही, फटीतून गॅस आत गेला. किती वेळा सांगितलं होतं, दाढी काढ म्हणून. नुसतं 'सरी, सरी', बरं बरं, म्हणायचा."

काढणार कशी? मी पोटुशी. बायकोला दिवस गेले की बाळंत होईपर्यंत नवऱ्यानं वस्तरा लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. तो पाळून घेणाऱ्या आत्याबाईच.

त्यांना हे सांगायचं म्हणजे त्यांच्या काळजात सुरी खुपसायची. गप्प बसावं, तर धाकटा दीर संग्राम येत्या सोमवारपासून त्याच कारखान्यात, भावाच्याच कामावर जाणार. माझ्या जावेलाही पाचवा महिना. त्याचीही दाढी गालभर वाढलेली.

मी सांगून टाकलं. "आत्याबाई, तुम्ही म्हटल्याशिवाय भावजी दाढी काढायचे नाहीत."

त्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. संग्रामला हाक मारून म्हणाल्या, "न्हाव्याकडं जा. आत्ताच."

तो गेल्यावर म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गं. रणजीत म्हणाला होता, आई, साहेब ओरडतात, मास्क बसत नाही. मीच म्हटलं, बाळ येईपर्यंत स्वल्प सांभाळून घे. तो गेल्यापासून संग्रामला 'काढ' म्हणायला जीभ उचलेना; म्हटलं की माझीच चूक कबूल."

मला त्यांचा भयंकर संताप आला. "मग पंधरा दिवस सगळ्यांना विचारत काय होता?"

"कुणीतरी दुसरं काही कारण सांगेल म्हणून," त्या म्हणाल्या. "तू तरी खोटं सांगायचंस गं, भव्या."