बोटभर फट

मोटार सुरू झाली, टाकीत पाणी पडू लागलं, तसा मारुती गर्दीच्या मागे सरकला. सालवडच्या चाळीत आज दोन हजार लिटरच्या नव्या टाकीचं उद्घाटन होतं. टाकीखालचा लोखंडी स्टँड त्यानेच बांधलेला. चाळ कमिटीचा सुजीत नारळ आणि शाल घेऊन त्यालाच शोधत होता, आणि बायका नेमक्या टाकीखाली, नळाभोवती गोळा झाल्या होत्या.

साताऱ्याकडून येऊन बावीस वर्षं तारापूर एमआयडीसीत वेल्डिंग केलेला हा गडी. आपला सांधा बघायला दुसऱ्या कारखान्यातले वेल्डर येतात, असं तो स्वतःच सांगायचा आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. खोड एकच, टेप लावायचा नाही. टेप नवशिक्यांनी लावावा, आपल्या डोळ्यातच माप आहे, असा तोरा. त्या डोळ्यांनीच गेल्या रविवारी दगा दिला. टाकीचं वजन पेलणारा आडवा लोखंडी चॅनेल बोटभर आखूड कापला गेला आणि खांबाला टेकेचना.

दुसरा चॅनेल मागावा तर चूक कबूल करावी लागणार, आणि चाळीतले चार लोक कौतुकाने बघत उभे. मारुतीने त्यांच्याकडे पाठ केली, वेल्डिंगच्या रॉडचे तुकडे त्या फटीत कोंबले आणि वरून टाका ओढला. टाका इतका देखणा उतरला की आतलं पाप कुणाला कळावं! उद्या येऊन नीट करू, असं त्याने मनाला बजावलं. पण उद्या सेकंड शिफ्ट लागली, परवा टाकी वर चढली, आणि पुढे आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही.

सुजीतने मारुतीला गाठून त्याच्या अंगावर शाल घातली आणि तो लोकांना बोटाने नेमका तोच सांधा दाखवायला लागला. मारुतीची बायको सुगंधा शेजारच्या मंदाला नवऱ्याचं कवतिक सांगत होती. दोघी त्या चॅनेलखालीच उभ्या होत्या. गप्प राहिलं तर सांधा टिकेलही कदाचित, वर्षभर, दोन वर्षं. पण त्या कदाचितनेच मारुतीला घाम फुटला.

मोटार बंद करा, असं तो दोनदा म्हणाला. कुणी मनावर घेईना, तेव्हा त्याने स्वतःच जाऊन बटण दाबलं.

“खालनं बाजूला व्हा सगळे. त्यो सांधा खोटा हाय,” तो म्हणाला. “मीच केलाय.”

सुजीतला आधी थट्टा वाटली. मग टाकीतलं पाणी सोडून दिलं, चॅनेलला खालून पाइपचा टेकू दिला आणि मारुतीने ग्राइंडर लावला. टाका चिरला तसे रॉडचे तुकडे फरशीवर पडले. सुजीतने त्याच्या खांद्यावरची शाल काढून घेतली, घडी केली.

“माझी पोरगी रोज हितंच पानी भरनार होती, भावजी,” मंदा म्हणाली.

मारुतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने खाली मान घालून टेप मागितला आणि फट दोनदा मोजली. मापाची लोखंडी पट्टी कापून फटीत बसवली. एक थर भरला, वरची काळी खपली ठोकून काढली, ब्रश मारला, मग दुसरा थर, मग तिसरा. दर थराला सुजीत वाकून बघत होता आणि मारुती त्याला बघू देत होता. थरावर थर चढून सांधा ओबडधोबड झाला. एखाद्या शिकाऊ पोराने असा केला असता तर मारुतीने त्याला चारचौघांत फाडून खाल्लं असतं.

टेकू काढला, मोटार पुन्हा सुरू झाली. माणसं रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. मारुती त्या सांध्याखाली गेला आणि ओल्या फरशीवर मांडी घालून बसला. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, ऊठ म्हणूनही कुणी सांगितलं नाही.

सुगंधा रस्ता ओलांडून आली, तिने एकदा वर बघितलं.

“टाकी भरायला किती वेळ लागंल?”

“तासभर.”

तिने पदर खोचला आणि त्याच्या शेजारी बसली.