वावरात जायचं कारण

तो डबा मीच आणला होता. पांढुर्ण्यात नोकरी लागली तेव्हा, पहिल्या पगारातून. त्यात सिम टाकायचं, घरून मोबाइलचं बटण दाबायचं, की वावरातल्या विहिरीवरची मोटार सुरू. बोरगावच्या घरापासून संत्र्याच्या झाडांपर्यंत दोन किलोमीटर चालत जायचं बाबांना कारणच उरलं नाही. गुडघे दुखायचे त्यांचे. गावभर सांगत फिरले, "पोरीनं माह्ये पाय वाचोवले."

मग दोन वर्षं बसून राहिले. खाटेवर, मोबाइल हातात.

बाळंतपणानंतर उर्वशीला घेऊन माहेरी आले, तर बाबा तिच्याकडं बघून हसले आणि आईला म्हणाले, "कोनाची वं पोट्टी?"

"रूपालीची. तिसऱ्यांदा सांगून राहिली मी."

मला गंमत वाटली. संध्याकाळी त्यांनी परत विचारलं, तेव्हा नाही वाटली.

सौंसरच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या. मग विचारलं, "पहिले दिवसभर काय करायचे हे?"

"चालायचे. सकाळ-संध्याकाळ वावरात."

"आणि आता?"

मी डब्याचं सांगितलं. ते म्हणाले, "रोज चालणं असलं की मेंदूला रक्त चांगलं पोचतं. आठवणी सांभाळणारा भाग कामात राहतो. गेलेलं सगळं परत येईल असं नाही सांगत मी. पण त्यांना बसवून ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाऊन मी डब्यातलं सिम काढून आणलं. रोशन, माझा धाकटा भाऊ, भडकला. "वाट चुकले तर? तू जाशील सासरी, हुडकाले मी!"

"मी आहे तोवर मी जाईन त्यायच्या संगं."

"कडेवर पोट्टी घेऊन?" आई म्हणाली. "लोक म्हनतील, बाप भुलला अन् लेक येडी झाली."

लहानपणी याच वाटेनं बाबांच्या मागं मी पळायची. त्यांचं एक पाऊल म्हणजे माझी तीन. धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत फ्रॉकला चिकटायचं, आणि बाबा मागं न बघता विचारायचे, "येऊन राहिली ना वं?" आता मी पुढं होते आणि ते मागं. पहिल्या आठवड्यात फाट्यावर थांबून माझ्याकडं बघत राहायचे. कुठं वळायचं ते मी सांगायची नाही. उभी राहायची. कधी वळायचे, कधी नाही.

पंधरा दिवसांनी दम लागणं कमी झालं. महिन्यानं कुणीतरी समोरून "जय भीम, दादाराव" म्हटलं, तर बाबा म्हणाले, "जय भीम, मनोहर. बैल विकले काय?" मनोहरकाका बघतच राहिले. त्या रात्री जेवताना बाबांनी उर्वशी कुणाची ते विचारलंच. पण रोशन ताटातून मान वर न करता म्हणाला, "तू गेल्यावर सकाळी मी नेतो त्यायले. सिम राहू दे तुह्याजवळच."

निघायच्या आदल्या सकाळी बाबा वाटेतल्या बाभळीपाशी आपणहून थांबले.

"इथं तू बसून गेलती. रोशन झाला तवा. म्हने, आता मले कोन उचलीन? किती केलं तरी उठेच ना. मंग खांद्यावर घेतलं तुले, तं माह्या डोक्यावर मान टाकून झोपली."

मला यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. मी उर्वशीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मंग?"

"मंग काय? लाळ गाळली सारी माह्या टोपीवर," बाबा म्हणाले, आणि माझ्या पुढं चालू लागले.