गोळ्यांचं वजन

तळघरात त्या दिवशी होतं ते इतकं: केसाहून बारीक अशी एक तार, तारेला टांगलेली आडवी दांडी, दांडीच्या टोकांना दोन छोटे गोळे, भोवतीच्या फिरत्या चौकटीवर चार मोठे गोळे, अकरा तापमापक (त्यातला एक बंद), दोन खुर्च्या आणि एक फळा. फळ्यावर एकच आकडा होता आणि तो मुद्दाम खोटा ठेवलेला होता.

दोन वस्तू एकमेकींना किती जोराने ओढतात, ते या तराजूवर मोजायचं. मोजणारी होती धाकटी. प्राध्यापकांत वयाने सगळ्यात लहान, म्हणून अख्खा विभाग तिला धाकटीच म्हणे. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. होणार की नाही, ते या मोजणीवर होतं. अशा कामात उत्तर काय यावं हे मनाला आधीच ठाऊक असतं आणि मन गुपचूप तिकडे कलतं. म्हणून विभागाचा जुना रिवाज असा, की मोठ्या गोळ्यांचं वजन एकाच माणसाने करायचं आणि मोजणाऱ्याला ते थोडं बदलून सांगायचं. ‘आता मी यात काही बदलणार नाही’ असं मोजणाऱ्याने म्हटलं, की सगळ्यांसमोर खरं वजन उघड करायचं. तोवर त्या माणसाने तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं.

या खेपेला तो माणूस म्हणजे विभागप्रमुख मॅडम.

मॅडम सरांच्या हाताखाली घडलेल्या. हा तराजू सरांनीच उभा केला होता, त्यांचा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला होता, पुढे ते विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आता ऐंशी ओलांडून चाकांच्या खुर्चीत आले होते आणि नव्या इमारतीला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं.

मॅडमनी हिशेब करायचा नाही असं स्वतःला बजावलं होतं. पण फळ्यासमोर चहाचा कप घेऊन उभ्या असताना तो डोक्यात आपोआप होऊन गेला. खरं वजन धरलं तर धाकटीचा आकडा सरांच्या आकड्यापेक्षा दहा हजारांत सात भागांनी कमी येत होता. सात म्हणजे थोडे नव्हेत. सरांचा आकडा चुकीचा ठरवायला तेवढे पुरे होते.

चहा निवला. मॅडमनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तारेजवळचं तापमान नीट पाहिलंयस का. प्रश्न अगदी रास्त होता. धाकटीने पाहिलं, तर एक तापमापक खरंच भलत्या जागी लागला होता. दुरुस्ती केल्यावर आकडा चार भागांनी वर सरकला. काही दिवसांनी मॅडमनी चौकटीचा कल तपासायला सांगितला. तिथेही चूक सापडली, आणखी दोन भाग वर. धाकटी खूश झाली. मॅडमची नजर घारीची आहे, असं ती कॅन्टीनमध्ये सांगत सुटली. ते कानावर आलं तेव्हा मॅडम ताट तसंच ठेवून उठल्या.

मग धाकटी स्वतःच म्हणाली, की तिला तारेकडे एकदा बघायचंय. तार पिळली की लगेच पूर्ववत होत नाही, जराशी रेंगाळते, त्याने आकडा फुगू शकतो. फुगू शकतो म्हणजे दुरुस्तीनंतर खाली जाणार, हे मॅडमना तिथल्या तिथे कळलं.

“किती दिवस कोरत बसणार?” त्या म्हणाल्या. “आता पुरे कर.”

धाकटीने पुरे केलं.

सभागृहात सगळे प्राध्यापक जमले. आताचे कुलगुरू अर्थशास्त्राचे, ते हसत म्हणाले, की आमच्या शास्त्रात आकडे लपवावे लागत नाहीत, ते आपणहून सापडत नाहीत. मॅडमनी उभं राहून खरं वजन सांगितलं. धाकटीने सगळ्यांदेखत गणित केलं. सरांच्या आकड्याशी फरक उरला दहा हजारांत एक भाग, म्हणजे नसल्यासारखाच. टाळ्या पडल्या. सरांनी धाकटीला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पोरी, तू टिकवलंस मला.”

मॅडम टाळ्या वाजवत होत्या. आपले हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे त्यांना ते दिसत होते. त्या एक शब्द खोटं बोलल्या नव्हत्या. सापडलेल्या दोन्ही चुका खऱ्या होत्या. हेच त्या घरी जाताना स्वतःला पुन्हापुन्हा सांगत होत्या, आणि दर वेळी ते आधीपेक्षा जास्त पोकळ वाटत होतं.

आठवडाभर अंगाला अन्न लागलं नाही. शेवटी त्या सरांकडे गेल्या. सरांच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडलं, किती वाळलीस गं म्हणाल्या आणि दोघांना बोलू देऊन आत गेल्या. मॅडमनी फळ्यापासून सगळं सांगितलं. सर मान खाली घालून ऐकत राहिले.

“तार बघितलीच नाही?”

“नाही सर. मी बघू दिली नाही.”

“माझ्यासाठी?”

मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

सर म्हणाले, “मला सांगून तुला हलकं वाटेल. मी काय, रागावून रागावून किती रागावणार? तिला सांग. तिथे हलकं वाटणार नाही.”

वाटलं नाहीच. धाकटी तराजू आवरत होती. ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली. शोधनिबंध छापायला गेला होता, कायम करायचा प्रस्ताव कुलगुरूंच्या टेबलावर होता. दोन्ही आता परत घ्यावे लागणार, हे तिला मॅडमनी सांगायची गरज नव्हती.

“तुमची नजर घारीची म्हणत होते मी,” ती म्हणाली. “आणि तुम्ही माझा हात धरून मला नेत होतात. निदान ओढून तरी न्यायचं होतंत, मला कळलं असतं.”

मॅडमनी माफी मागितली. धाकटीने ती घेतली नाही, परतही केली नाही. वायर गुंडाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कुलगुरूंना आणि नंतर विभागाच्या सभेत सगळं सांगून प्रमुखपद सोडलं. प्रस्ताव रद्द न करता थांबवून ठेवा, एवढंच मागितलं, आणि ते मिळालं. इमारतीचं कसं करायचं, हे त्यांनी चाचरत विचारलं. कुलगुरूंना प्रश्नच कळेना. नाव माणसाचं देतोय, आकड्याचं कुठे देतोय, असं ते म्हणाले. म्हणजे सरांचा आकडा वाचवा, असं कुणीच मागितलं नव्हतं.

मोठे गोळे रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाकडे गेले. सरांचा आकडा किती, हे त्या गृहस्थांना माहीत नव्हतं आणि विचारायची हौसही नव्हती. त्यांनी गोळे घासून परत दिले, म्हणजे जुनं वजन कुणाला ठाऊक असलं तरी उपयोग नाही. किती घासले ते त्यांचं त्यांना ठाऊक. धाकटीने तार बदलली, जुनी वेगळी तपासली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. मॅडम तळघरात उतरल्या नाहीत. जिन्यात भेट झाली तर धाकटी “नमस्कार मॅडम” म्हणे आणि पुढे जाई.

वर्ष उलटल्यावर त्याच सभागृहात खरं वजन उघड झालं. सर पहिल्या रांगेत होते, मॅडम दाराजवळ उभ्या होत्या. धाकटीने फळ्यावर गणित केलं, एकदा पडताळलं आणि मोठ्याने वाचलं: आकडा सरांच्या आकड्यापेक्षा दहा हजारांत पाच भागांनी कमी, अनिश्चितता फक्त दहा हजारांत एक भाग; म्हणजे सरांचा आकडा चुकीचाच होता.