फिरायला आलेला माणूस

"पण जायचं कशाला?" श्रीमंतने दुसऱ्यांदा विचारलं.

"अहो, कशाला म्हणजे? चालायला!" काकासाहेब हसत म्हणाले.

एस्टी त्यांना जेऊरच्या अलीकडे सोडून धुरळा उडवत निघून गेली होती. नुकतं उजाडलं होतं. रस्त्याच्या कडेला सातजण बुटांच्या नाड्या आवळत होते. दोन मास्तर, एक वकील, बाकीचे कचेऱ्यांतले. दर रविवारी नगरच्या आसपासचे डोंगर तुडवणारं हे काकासाहेबांचं मंडळ. काकासाहेब नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि श्रीमंत तिथेच लेथवर. "सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटे काय करता? चला आमच्याबरोबर," असं ते म्हणाले आणि मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून श्रीमंत आला.

"म्हंजी तिकडं कुनाकडं काम हाय?"

"काही काम नाही."

"मग द्येव हाय का वर?"

"देव नाही, जत्रा नाही. त्या टेकडीवर जायचं, डबे खायचे, परत यायचं."

श्रीमंतने टेकडीकडे पाहिलं. ती उघडीबोडकी होती. त्या बहात्तर साली पाऊस असा पडलाच नव्हता. पाथर्डीकडच्या त्याच्या गावात लोक चालत, ते दुष्काळी कामावर खडी फोडायला, नाहीतर पाण्याला. भाऊ बायकोपोरांना घेऊन ऊसतोडीला गेला होता. कामावाचून फर्लांगभर चाललेला माणूस श्रीमंतने जन्मात पाहिला नव्हता. पण ही शिकलीसवरली माणसं. त्यांच्या चालण्यात काहीतरी असणारच, आपल्याला ते कळत नाही एवढंच, असं मनाशी म्हणत तो मागोमाग निघाला.

चढावर एक मास्तर एकाएकी थांबले. "वा! काय देखावा आहे!"

सगळे थांबले. श्रीमंतही थांबला. समोर नांगरून तशीच पडलेली जमीन होती आणि तिच्यापलीकडे दुसरी तशीच. सगळे पुढे गेले तरी तो देखावा शोधत उभा होता.

डबे संपले, उतार लागला तसं ऊन तापलं. बाटल्यांतलं पाणी केव्हाच संपलं होतं. खाली चार घरांची वस्ती होती. पहिल्याच घराच्या दारात एक बाई ज्वारी पाखडत बसली होती.

"बाई, पाणी मिळेल का प्यायला?" वकिलांनी विचारलं.

बाईने आठजणांवरून एकदा नजर फिरवली. आत जाऊन तिने घागरच उचलून आणली. "घ्या, साहेब," म्हणत तिने पहिला तांब्या श्रीमंतपुढे धरला. साहेब कोण म्हणून श्रीमंतने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो घटाघटा प्यायला.

मग सगळेच प्यायले. काकासाहेबांनी तोंड धुतलं. एका मास्तरांनी पायावर पाणी घेतलं. पाण्याला काय गोडी आहे, असं जो तो म्हणत होता.

श्रीमंतची नजर उघड्या दारातून आत गेली. चुलीशेजारी एक हंडा आणि एक कळशी, दोन्ही पालथी. त्याने घागरीत डोकावलं. बूड दिसत होतं.

"पानी कुटनं आनता, बाई?"

"हिकडंच की."

"हिकडंच म्हंजी?"

"त्या खोऱ्यात. लई लांब न्हाई."

पाहुण्यांनी विचारलं की त्याची आईही असंच सांगायची. त्याला राग आला का, तेही त्याला नीट कळेना. ह्यांनी मागितलं, तिने दिलं. चुकलं कोणाचं? आणि पहिला तांब्या तर त्यानेच रिचवला होता. त्याने वाकून घागर उचलली.

"अवो साहेब! बाप्या मानसानं..."

"श्रीमंतराव, कुठे निघालात?" काकासाहेबांनी हाक मारली. "उशीर होईल!"

"आलोच," तो म्हणाला.

विहीर दीड मैलावर होती. कडेने पंधरा-वीस बाया भांडी रांगेत लावून बसल्या होत्या. तळाशी उतरलेली एकजण झऱ्यातलं पाणी वाटीने पोहऱ्यात भरायची आणि वरच्या बाया तो ओढून घ्यायच्या. श्रीमंतने रांगेच्या शेवटी घागर ठेवली, तशा सगळ्या त्याच्याकडे वळून बघायला लागल्या.

"ही तर मालनबाईची घागर!" एक म्हातारी म्हणाली. "तुमी कोन तिचे? भाऊ का?"

"न्हाई. मी नगरहून आलोय. फिरायला."

"फिरायला म्हंजी?"

श्रीमंतने तोंड उघडलं. मास्तर, टेकडी, देखावा, सगळं त्याला आठवलं, पण सांगण्यासारखं त्यातलं काही सापडेना.

"बैल हरवलाय व्हय तुमचा?" म्हातारीने कळवळून विचारलं.

"व्हय," तो म्हणाला.

"तांबडा का पांढरा?"

"तांबडा."

"ह्या अंगाला न्हाई दिसला, बाबा," म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या बाया हळहळल्या.

नंबर यायला दोन तास लागले. घागर खांद्यावर घेऊन तो वस्तीवर परतला तेव्हा दारातल्या दगडावर काकासाहेब एकटेच बसले होते.

"बाकीचे गेले. एस्टी चुकेल म्हणाले." मग त्यांनी विचारलं, "किती लांब आहे हो विहीर?"

"दीड मैल. वर दोन तास नंबर."

काकासाहेबांनी त्याच्या खांद्यावरच्या घागरीकडे पाहिलं. "मी तोंड धुतलं हो त्या पाण्यानं."

"मी बी प्यालो की," श्रीमंत म्हणाला.

मालनबाईने घागर उतरवून घेतली. आत नेण्याआधी तिने तिच्यातून फुलपात्र भरलं आणि त्याच्यापुढे धरलं. "दमला असाल, भाऊ. घ्या."

श्रीमंत त्या पाण्याकडे बघत राहिला. नको म्हणावं तर तिच्या हातचं नाकारल्यासारखं. घ्यावं तर आणायला गेलो कशाला? त्याने काकासाहेबांकडे पाहिलं. ते बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधत होते. शेवटी त्याने थेंब न सांडू देता वरून एक घोट घेतला आणि उरलेलं पाणी तिच्यापुढे केलं.

मालनबाईने हात पुढे केला नाही.

"समदं घ्या," ती म्हणाली, आणि तो पिऊन होईस्तोवर दारात उभी राहिली.