पलीकडचं तोंड

नेजात काप्तानाची बोट अलान्याच्या बंदरातून निघाली की लाल बुरूज, जुन्या गोदीच्या कमानी आणि डोंगरावरून उतरत आलेला किल्ल्याचा तट हे सगळं ठरल्या क्रमानं उजव्या हाताला सरकत जायचं, आणि नेजातही ठरल्या जागी ठरलेले विनोद करायचा. त्या दिवशी मात्र त्याला धड बोलताच येईना. कायसेरीहून आलेले सफ्फेत बे, इतिहासाचे निवृत्त मास्तर, त्याच्या वाक्यावाक्यात चूक काढत होते.

"काप्तान, गोदी चाच्यांची नव्हे, सुलतानाची! लोकांना काहीही काय सांगता?"

"अहो, राहू द्या ना," म्हणून त्यांची बायको मुनेव्वर हानिम त्यांची बाही ओढायच्या, आणि ते त्यांच्यावरच खेकसायचे. ऊन फार, गाणी कर्कश, कलिंगड कोमट. सगळी बोट त्यांना वैतागली होती.

प्रेमिकांच्या गुहेपाशी बोट थांबली. इथे अलीकडच्या तोंडानं आत शिरायचं, अंधारात वाकून चालत जायचं आणि कड्याच्या पलीकडच्या तोंडातून समुद्रात उडी मारायची. तोवर बोट वळसा घालून खाली आलेली असते. तरुण मंडळी पाण्यात उतरली, आणि कुणाला काही कळायच्या आत सफ्फेत बेसुद्धा त्यांच्यामागून पोहत गेले.

बाकीचे भराभर उड्या मारून परत आले. सफ्फेत बे बऱ्याच वेळानं वर दिसले. त्यांनी हात हलवला, झकास उडी मारली, हसत शिडी चढून आले, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि कलिंगडाची फोड मागून घेतली.

"वा! काय गोड आहे!"

मुनेव्वर हानिम हळूच उठून सुकाणूपाशी आल्या. "काप्तान, ते आत राहिलेत."

"कोण, अब्ला?" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं नेजातनं विचारलं.

"आमचे हे."

नेजातला हसू आलं. "ते काय तिथे बसलेत! गोड बोलायला लागले म्हणून ओळखू येईनात होय?"

त्या हसल्या नाहीत. तेव्हा गंमत म्हणून नेजातनं सफ्फेत बेंना नातवाचं नाव विचारलं, लग्न कुठे झालं ते विचारलं. त्यांनी सगळं बिनचूक सांगितलं, वर सासूबाईंच्या हातच्या खिमा भरलेल्या मांतीचीही आठवण काढली.

"ऐकलंत?"

"माहीत सगळं आहे हो त्यांना," मुनेव्वर हानिम पुटपुटल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता, पण ज्या खांद्यावर हात पडला होता तो त्या ओढणीनं पुन्हा पुन्हा पुसत होत्या. "तुम्ही एकदा आत जाऊन बघा. अंधारात घाबरतात ते. पण हाक मारायचे नाहीत, मानी आहेत."

लोक कुरकुरू लागले. बोट हलवली तर ही बाई पाण्यात उडी घेईल असं वाटून नेजातनं सुकाणू खलाशाच्या हाती दिलं आणि अलीकडच्या तोंडापाशी पोहत जाऊन तो गुहेत शिरला.

आत दगड गार होते आणि खालून कुठूनतरी पाणी ठोके दिल्यासारखं आपटत होतं. "सफ्फेत बे!" त्यानं हाक मारली, आणि आपण हे काय करतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटली. गुहेच्या मध्यावर समोरून कुणीतरी आलं. वाट अरुंद म्हणून नेजात भिंतीला टेकून उभा राहिला. ओला खांदा त्याच्या खांद्याला घासून गेला. डिझेलचा आणि भिजलेल्या दोराचा, त्याच्या स्वतःच्या अंगाला यायचा तसाच वास आला. दुसऱ्या बोटीवरचं कुणी असेल.

"सावकाश, भाऊ," तो म्हणाला. पावलं अलीकडच्या तोंडाकडे निघून गेली.

पलीकडच्या उजेडात त्यानं उडी मारली. शिडी चढता चढता, "कुणी नाही, अब्ला, सगळं बघून आलो," असं तो म्हणाला. मुनेव्वर हानिम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ओढणी आवरली आणि त्या बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

बंदरात त्या कुणाशी न बोलता उतरल्या आणि झपाझप चालू लागल्या. सफ्फेत बे आनंदानं हाका मारत त्यांच्यामागे गेले. नेजातनं बोट धुतली, मग उगाच पुन्हा धुतली. खलाशी नेहमीसारखा टवाळी करत होता. त्याच्या तोंडाकडे नेजात चोरून बघत होता. काही वेगळं दिसेना, तरी जीव थाऱ्यावर येईना.

दिवेलागणीला तो घरी पोहोचला. त्याच्या बायकोनं, हाजेरनं, दार उघडलं. "उशीर का केलास," म्हणून ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण ती हसली, बाजूला झाली, चांगली खुर्ची पुढे ओढून तिनं त्याच्यासमोर चहाचा पेला ठेवला, बशीत साखरेच्या वड्यांसकट. आजवर ती साखर पाहुण्यांसाठीच निघत आली होती.

"हाजेर," तो म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही," डोक्यावरचा रुमाल नीट करत, अदबीनं, दाराकडे बघत ती म्हणाली. "तुम्ही घ्या ना चहा. नेजात येईलच इतक्यात."