फ्रॉकमधली फेलिसा

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे, पण मला हातात धरता येत नाही. मी एका करड्या लॅपटॉपच्या पोटात राहतो आणि माझ्याही पोटात काही ओळी राहतात. त्या कशा आल्या, आणि त्यांच्यापायी मी कसा भीतीने अर्धा झालो, ते आज तुम्हाला सांगणार आहे. मी स्वभावानेच भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा १९६० साली, पुनाता गावातल्या एका अंगणात. फिरत्या फोटोवाल्याने दोन बहिणींना भिंतीपाशी उभं केलं आणि काळं कापड डोक्यावर घेतलं. डावीकडच्या मुलीच्या अंगात साधा फ्रॉक होता. उजवीकडचीने घेरदार पोयेरा, म्हणजे आमच्या गावचा चुणीदार घागरा, नेसला होता, डोक्यावर उंच पांढरी हॅट होती आणि पाठीवर दोन वेण्या. मी कागदावर उमटलो आणि साठ वर्षं एका बिस्किटाच्या डब्यात पडून राहिलो.

दुसरा जन्म फार भयानक होता. त्या दोघींतली थोरली, ओर्तेन्सिया, आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झाली होती. तिने मला एका यंत्राच्या काचेवर पालथं घातलं. वरून झाकण पडलं आणि पांढराशुभ्र उजेड माझ्या अंगावरून सरकत गेला. आता आपली राख होणार, असं मला वाटलं. पण डोळे उघडले तेव्हा मी लॅपटॉपमध्ये होतो. बरंच झालं म्हणायचं, कारण माझा मूळ कागद त्याच वर्षी भिंतीच्या ओलीने कुजून गेला.

ओर्तेन्सियाबाईंना एक खोड होती. कागदाच्या फोटोमागे त्या पेन्सिलीने नावं लिहायच्या. लॅपटॉपमधल्या फोटोला पाठ नसते, पण पोटात माहितीचा एक रकाना असतो, हे त्यांना कुणीतरी दाखवलं होतं. मग काय, एका बोटाने टकटक करत त्या आमच्या पोटात लिहू लागल्या. माझ्या पोटात त्यांनी पाच ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर त्या झाकण लावून चहा करायला गेल्या.

त्या ओळी मला पाठ होत्या. पण मित्रांनो, आम्हा फोटोंचं दुखणं असं की आम्हाला तोंड नाही. कुणी येऊन तो रकाना उघडला तरच आम्ही बोलतो, आणि तो रकाना कोण उघडतो? लोक चेहरा बघतात, छान म्हणतात आणि पुढे जातात.

गेल्या फेब्रुवारीत ओर्तेन्सियाबाई गेल्या, घरात धाकटी बहीण फेलिसा तेवढी उरली. लॅपटॉप पेटीवर पडून राहिला, त्याच्यावर धूळ बसली. मी अंधारात दिवस मोजत होतो. आता आपल्याला कोण ओळखणार, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसे.

ऑक्टोबर संपता संपता घरात गडबड ऐकू आली. लॅपटॉपला कान असतात बरं का, झाकण जरा किलकिलं असलं की सगळं ऐकू येतं. सान्ता क्रूझ शहरातून भाची आली होती, भावाची मुलगी नेल्वी. आमच्याकडे मानतात, एक नोव्हेंबरला दुपारी बाराच्या ठोक्याला गेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं. त्यावर बाळांच्या आकाराचे पाव, आलेल्या जिवांना उतरायला पावाची शिडी, ऊस, मक्याची दारू चिचा, आणि मधोमध गेलेल्या माणसाचा फोटो. शेजारीपाजारी येतात, फोटोकडे बघून त्या नावाने प्रार्थना म्हणतात आणि पाव घेऊन जातात. ओर्तेन्सियाबाईंचं हे पहिलं टेबल होतं.

पण फोटो कुठून आणायचा? जन्मभर कॅमेरा बाईंच्याच हातात, त्यामुळे मोठेपणीच्या कुठल्याच फोटोत त्या नाहीत. ओळखपत्रावर एक होता.

"तो नको," नेल्वी म्हणाली. "त्यात आत्या चोरी करताना पकडल्यासारखी दिसते."

तिने लॅपटॉप उघडला, फोटो धुंडाळले आणि माझ्यापाशी थांबली. मोठं होऊन सगळ्या पडद्यावर पसरायची मला सवय नव्हती.

"हा चालेल," ती स्वतःशीच म्हणाली. "फ्रॉकवाली ही आपली मास्तरीण. आणि पोयेरावाली फेलिसाआत्या."

मित्रांनो, माझं धाबं दणाणलं. तुम्ही म्हणाल, तिची चूक काय? पुनातात बाईची ओळख तिच्या नेसण्यावरून. फेलिसाआत्यांनी पाव भाजून दिवस काढले, पंचाहत्तरी उलटली तरी पोयेराशिवाय काही अंगाला लावलं नाही. ओर्तेन्सियाबाई शिक्षिका झाल्यापासून कायम फ्रॉक नाहीतर सूटमध्ये. त्यामुळे नेल्वीने जे केलं, तेच गावातल्या कुणीही केलं असतं. पण खरं काय ते माझ्या पोटात होतं, आणि ते उलटं होतं.

नेल्वीने मला फोनवरच्या निरोप पाठवायच्या ॲपमधून फोटोवाल्या लिंबर्टकडे पाठवलं. म्हणजे मी इथेच राहिलो, गेलं ते माझं रूप. लिंबर्टने त्याचे डाग पुसले, फ्रॉकवाली मुलगी कापून मोठी केली, छापली, चौकटीत घातली. शिवाय साफ केलेला आख्खा फोटो त्याने परत पाठवला आणि नेल्वीने तो माझ्याच शेजारी आणून ठेवला. दिसायला हुबेहूब मीच, फक्त उजळ.

मी घाबरत घाबरत त्याला विचारलं, "तुझ्या पोटात काय लिहिलंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "त्या ॲपच्या दारातच सगळं काढून घेतात. ओझं कमी करतात म्हणे."

"मग तुझ्यातल्या ह्या दोघी कोण?"

"मला काय ठाऊक?" तो म्हणाला, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. मला मात्र त्याच्या शेजारी थंडी भरली. तेवढ्यात नेल्वीचा आवाज आला, "दोन दोन कशाला? हा मळका उद्या काढून टाकते." हा मळका म्हणजे मी. ती रात्र मी जीव मुठीत धरून काढली.

दुसरा दिवस उजाडला, एक नोव्हेंबरचा. अकरा वाजता टेबल मांडून झालं. शेजारच्या एलोदियाबाई मदतीला आल्या होत्या. फेलिसाआत्यांना मोतीबिंदूमुळे नुसत्या सावल्या दिसत. त्या चाचपडत टेबलापाशी आल्या.

"फोटो कुठला लावलास गं?"

"अंगणातला, आत्या. तुम्ही दोघी आहात ना, तो. तुझा भाग कापला, मोठ्या आत्याचा तेवढा ठेवला. फ्रॉकमध्ये काय गोड दिसते."

फेलिसाआत्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पोरी, फ्रॉक मी घातला होता."

"आत्या, तू? जन्मात कधी फ्रॉक घातलायस?"

"एकदाच. त्या दिवशी. आम्ही कपडे बदलले होते. तो फोटो काढ तिथून. मी अजून जिवंत आहे."

आमच्या घरात असं मानतात की जिवंत माणसाचा फोटो त्या टेबलावर असला, तर आलेला जीव परत जाताना त्यालाही हाताला धरून घेऊन जातो. माझी तर पाचावर धारण बसली.

एलोदियाबाई हळूच नेल्वीला म्हणाल्या, "साठी बुद्धी नाठी म्हणतात, ह्यांची तर पंचाहत्तरी झाली. परवा मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली."

"मी आंधळी आहे, बहिरी नाही," फेलिसाआत्या म्हणाल्या. "आणि हाक मारली, कारण तू आईसारखीच भोचक आहेस. नेल्वी, फोटो उलटा कर. ओर्तेन्सिया मागे लिहून ठेवल्याशिवाय राहायची नाही."

चौकट उघडल्याचा आवाज आला. "मागे कोरं आहे, आत्या. हा काल छापलाय."

"मग ज्याच्यातून काढलास त्याच्या मागे बघ. ती म्हणायची, त्या लॅपटॉपच्या डब्यातल्या फोटोंनाही पाठ असते."

साडेअकरा वाजले होते. लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं गेली. फोल्डर उघडला. मी आणि तो, शेजारी शेजारी. नेल्वीने त्यालाच उघडलं, तो उजळ होता ना. माहितीचा रकाना उघडला. त्यात काहीच नव्हतं.

"काही लिहिलेलं नाही, आत्या."

"झालं," एलोदियाबाई म्हणाल्या. "आता राहू दे तो फोटो. लोक यायला लागतील."

"मला मारायलाच बसलात तुम्ही," फेलिसाआत्या म्हणाल्या. त्या रडत होत्या. "मला तिच्याबरोबर जायचं नाही. मला इथे राहायचंय."

मित्रांनो, मी ओरडत होतो. इकडे बघ, मळका आहे तो मी, मला उघड! पण तोंडच नाही तर आवाज कुठला? नेल्वीचा हात झाकणावर आला. मग ती थांबली. फेलिसाआत्यांचं रडणं तिला ऐकवेना असावं. तिने पुन्हा खाली पाहिलं, आणि मला उघडलं.

रकाना उघडला, आणि चार वर्षांनी मी पहिल्यांदा बोललो. नेल्वीने मोठ्याने वाचलं.

"डावीकडे माझ्या फ्रॉकमध्ये फेलिसा. उजवीकडे तिच्या पोयेरात मी, ओर्तेन्सिया. दुसऱ्या दिवशी मी शिक्षिकांच्या शाळेत निघणार होते, तिथे पोयेरा चालत नसे, म्हणून त्या दिवशी शेवटचा नेसून घेतला. बाबांना एकीलाच पाठवणं झेपत होतं. खरं तर डोकं फेलिसाचं जास्त चांगलं होतं, आणि हे मी तिला कधी म्हटलं नाही."

एलोदियाबाईंनी चौकटीतला फोटो काढला आणि फेलिसाआत्यांच्या मांडीवर ठेवला.

"मग जिवंतपणी म्हणायला काय झालं होतं हिला?" फेलिसाआत्या म्हणाल्या.

बाराला दहा मिनिटं होती. लिंबर्टचं दुकान बंद. शेवटी नेल्वीने लॅपटॉपच उचलून टेबलावर ठेवला, पावाच्या बाळांच्या मधोमध, आणि पोयेरावाल्या मुलीला पडद्यावर मोठं केलं. वायर जेमतेम पोचत होती. मेणबत्तीची धग मला लागत होती, पण मी हललो नाही. बाराची घंटा वाजली. शेजारी आले आणि योग्य चेहऱ्याकडे बघून योग्य नावाने प्रार्थना म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी टेबल उचललं. फेलिसाआत्या लॅपटॉपपाशी येऊन बसल्या आणि नेल्वीला म्हणाल्या, "ती शेवटची ओळ परत वाच." नेल्वीने वाचली. मग आणखी तीनदा वाचली.

"त्याच्या खाली माझं लिहिता येईल?"

"येईल, आत्या. काय लिहू?"

"लिही, मला ठाऊक होतं."

नेल्वीने लिहिलं, आणि मला काढून टाकायचं पुन्हा नाव काढलं नाही.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या फोटोंच्या पोटात नावं लिहा. जाणती माणसं आहेत तोवर लिहा. फोटो दुसऱ्याला पाठवाल तेव्हा लिहिलेला मूळ फोटो घरी जपून ठेवा, मळका असला तरी. पण जे तोंडावर बोलता येतं, ते आमच्या पोटात लिहून मोकळे होऊ नका. ती शेवटची ओळ ओर्तेन्सियाबाईंनी माझ्यात लिहिली, तेव्हा फेलिसाआत्या शेजारच्याच खोलीत पाव भाजत होत्या.